कोटाचा रंग

अर्लीन म्हणते, कोट हिरवा होता.
मी म्हणते, मोतिया.
दर रविवारी चर्च सुटलं की ती मिलवॉकीहून फोन करते
आणि साठ वर्षांपूर्वीचा एक कोट
आम्ही दोघी दोन बाह्यांना धरून ओढत बसतो.

गॅरी, इंडियाना. सासष्टचा मार्च.
पोलादाच्या कारखान्याची तांबूस धूळ
दोरीवरच्या चादरींवर, खिडकीच्या कडेवर, जिभेवरसुद्धा.
तिकीट सव्वादोन डॉलर.
त्यासाठी मिसेस टॉलिव्हरची तीन पोरं
मी आठ शनिवार सांभाळली. धाकटा चावायचा.

आई म्हणाली, एकट्या नाही जायचं, मी येते.
आमची तोंडं उतरली.
तिच्या लेखी गाणं म्हणजे देवाचं,
बाकी सगळा गलका.
दिवसभर इस्पितळाच्या फरश्या पुसून आलेली,
पांढऱ्या गणवेशावरच ओव्हरकोट चढवून
ती आमच्या दोघींच्या मधे बसली,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

आधी एक जादूगार आला. त्याचं कबूतर
उडून झुंबरावर बसलं, ते शेवटपर्यंत उतरलं नाही.
मग पाच मुली, एकाच ताग्यातून बेतलेल्या.
एकीच्या बुटाची टाच मोडली
तर तिने दुसराही बूट भिरकावला आणि त्याच ठेक्यावर
गिरकी घेतली. आम्हाला वाटलं, बसवलेलंच असणार.
पुढे महिनाभर शाळेत आम्ही बूट भिरकावत होतो.

आणि मग कॉर्डेल मेबरी.

आधी नुसता बास, पायाखालून,
खुर्चीच्या लाकडातून कण्यात चढणारा.
मग तीन ट्रम्पेट एकदम, भट्टीचं दार उघडावं तसे
(सभागृहातल्या निम्म्या पुरुषांना ठाऊक होतं
भट्टीचं दार कसं उघडतं).
तो आला. कोट घालून. रंग राहू दे.
पहिला शब्द त्याने उच्चारलाच नाही,
माइकजवळ नुसता श्वास घेतला
आणि बाल्कनीतून कुणी ओरडलं, "सांग रे बाबा, सांग!"

काय सांगत होता? कुणीतरी सोडून गेलं होतं.
मी सतरा वर्षांची. मला सोडून जायला
अजून कुणी आलंच नव्हतं,
तरी त्या उसन्या दुःखाने ऊर भरून आला.

तिसऱ्या गाण्यात फ्यूज उडाला.
(अर्लीन म्हणते, नाही उडाला. उडाला.)
अंधार. ऑर्गनचा गळा आवळल्यासारखा झाला.
ड्रमवाला मात्र थांबला नाही
आणि मेबरी बिनमाइकचा गात राहिला,
फाटका, खरखरीत आवाज, अगदी जवळून,
रात्री उशिरा एखादा माणूस
जिन्यावर बसून स्वतःशीच बोलावा तसा.
एकेक लायटर पेटत गेले.
त्या उजेडात पाहिलं तर मधली खुर्ची रिकामी.

आई उभी होती.
बूट काढून, मोज्यांवर. उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक.
डोळे मिटलेले, एक हात वर, तळवा उघडा,
रविवारी धरायची तसाच.
आम्हाला लाज वाटली. मग वाटेनाशी झाली.

बसथांब्यापर्यंत ती बूट हातात घेऊन चालली
थिजलेल्या चिखलातून.
म्हणाली, "त्या पोराला सर्दी झालीय. वरच्या पट्टीत कळते."
एवढंच. पुन्हा तो विषय नाही.

थिएटरचं छप्पर केव्हाच बसलं.
झुंबर कुणीतरी विकून खाल्लं.
कबुतरं आहेत म्हणे, पुष्कळ.

गेल्या रविवारी मी म्हटलं, मोतिया.
अर्लीन म्हणाली, काय मोतिया?
कोट, मी म्हटलं. मेबरीचा.
ती म्हणाली, कोण मेबरी?
पलीकडे कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज, ट्रे ठेवल्याचा आवाज.
मी म्हटलं, हिरवा होता गं. तुझंच खरं, हिरवा.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, आईचा मोजा फाटला होता.
डावा.

उजवा, मी म्हटलं,
आणि खुर्ची ओढून नीट बसले.