दांडी

इलाही कातारी फोन उचलत नाहीत.
दुपारी चारला त्यांची सून उचलते,
लेथचा पट्टा थांबेपर्यंत धरून ठेवते,
मग सांगते, वहीत लिहिलंय, सत्तेचाळिसावं नाव.
पुढं धारवाडचे दोघं, पुण्याची एक बाई, एक जर्मन.
मी सांगलीचा, मार्केट यार्डातला तोलार.
मिरज काय लांब नाही.
गेलो, आणि समोरच बसलो.

"बांबूची का नको?"
उजव्या अनामिकेचं टोक दाखवलं, नसलेलं.
काट्याच्या साखळीत गेलं, हळदीच्या मोसमात.
तेव्हापासून सहावं भोक गळतं,
खालचा पंचम लागत नाही.
त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं,
माझा पंजा त्यावर ठेवून पेन्सिल फिरवली.
तुटक्या बोटाशी पेन्सिल जरा थांबली.
"भोक सरकवू की. बोट कशाला सरकवायचं?"

लाकूड मीच नेलं होतं, पोत्यात गुंडाळून.
इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून गोदामात पडलेली
पेढीची जुनी दांडी, शिसवी, साडेचार फूट.
बावीस वर्षं तिच्यावर हळद तोलली,
रेषारेषांत पिवळं शिरलेलं, धुऊन जात नाही.
कलली की आत काहीतरी सरसरायचं,
सुक्या पानांवरून सरडा गेल्यासारखं.
मला वाटायचं, लाकडालाच सूर आहे.
खरं तर त्याच्यासाठीच मागून घेतलेली.

इलाहींनी कानाशी धरून हलवली.
माझ्याकडं बघितलं.
"वाळू दे," म्हणाले.
बावीस वर्षं वाळलीय ओ.
"तरी वाळू दे."

चौदा महिन्यांनी सुनेचाच फोन: या.
बाकावर दांडी, दोन तुकडे,
आतून आरपार पोकळ,
आणि चहाच्या बशीत शिशाचे छर्रे, तेलकट.
"वजनाचं पारडं खाली गेलं की हे तिकडं धावायचे.
मग समोर हळद जास्त घालायला लागायची,
तेवढी."
त्यांनी छर्रे मोजले नव्हते.
मी मोजले. एकशे बारा.

कवलापूरचा एक मामा, डोक्याला पंचा,
दरसाल घरनं मोजून आणायचा.
पोत्यामागं अर्धा किलो कमी कशी ओ भरती?
हळद वाळते, मामा, मी म्हणायचो.
हसत नव्हतो. मला खरंच तसं वाटायचं.
तो मान डोलवायचा आणि अंगठा उठवायचा.

"ज्यानं हे भोक पाडलं," इलाही म्हणाले,
"त्याचा हात चांगला होता.
एवढं सरळ मलापण एका दमात जमत नाही.
निम्मं काम करून ठेवलंय त्यानं.
आतनं दोन सूत खरवडतो, शिशाचा कण ठेवत नाही.
बोला. करू, का चुलीत घालू?"
बाहेर कुणीतरी तंबोऱ्याचा भोपळा घासत होतं,
त्याचा आवाज बराच वेळ चालला.
करा, म्हणालो.

आली. सहावं भोक अर्ध्या बोटानं सरकलेलं,
माझ्या थोटक्या बोटाखाली नेमकं.
खालचा पंचम लागतो,
जाड, जरासा हळदीच्या अंगाचा.
बायको म्हणते, छान आहे, खिडकी का लावता?

छर्रे बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते.
परवा डबा घेऊन कवलापूरला गेलो. बासरी नेली नाही.
मामा बाजेवर, डोळ्यांत सारा.
कोण?
तोलार.
सांगायचं ठरवलेलं सगळं बसमध्येच राहिलं,
हातातला डबा तेवढा कलला.
मामानं मान वाकडी करून कान पुढं केला.
"ह्यो आवाज मी ऐकलाय," म्हणाला.
"लई वर्सं."

मग आत हाक मारून
दोन चहा सांगितले.