गरम झाली की विसरते

शेडमध्ये आली की ही गाडी शहाणी होते.
एका चावीत सुरू. आवाज
दोरा सुईत जावा तसा सरळ.
तीन मेस्त्र्यांनी त्रिशला अक्काला हेच सांगितलेलं:
गाडीला काय नाही. तुम्ही क्लच नीट सोडत नाही.
तरी त्यांनी पंप बदलला. मग रिले. मग क्रँकचा सेन्सर,
मग दुसऱ्या कंपनीचा क्रँकचा सेन्सर.

बिलं टाचणीला टोचून आणलेली तिनं
आणि एक वही.
पुढून शाळेच्या गणवेशांची मापं, छाती, बाही, उंची,
मागून उलटी धरली तर:

सोमवार. तवंदी घाट. सव्वाबारा. इचलकरंजीचं कापड भरलेलं. बंद.
गुरुवार. संकेश्वर, बाजाराचा दिवस. बंद. वीस मिनिटं बोनेट उघडं. चालू.
शनिवार. रात्री हत्तरगी नाका. काही नाही.

अशी सोळा पानं.
मी खुर्चीवर बसूनच वाचली, चहा गार झाला.
रात्री एकदाही नाही.
पावसात एकदाही नाही.

स्कॅनर लावला. चार तक्रारी,
चार सेन्सर एकाच मिनिटाला मेल्याच्या.
असं कुठं असतंय?
चौघंही खरं सांगत असतील
आणि ऐकणाराच बहिरा होत असेल तर?

आधी अर्थिंग घासलं. वायरिंग बोटाबोटानं चाचपलं.
मग पाच व्होल्टच्या तारेला मीटर लावून
घरी मुलाला पिटाळलं, हेअर ड्रायर आण.
पाठोपाठ बायको दारात:
तुमास्नी केस कुठं हाईत?

इंजिन चालू ठेवून डब्यावर गरम वारा धरला.
पाच. पाच. चार पूर्णांक नऊ.
सातव्या मिनिटाला तीन,
आणि इंजिन गेलं,
बोलता बोलता कुणी मधेच उठून जावं तसं.

पडली! अक्का स्टुलावरून ओरडली, पडली बंद!
गाडी बंद पडल्यावर इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक
वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.
मग ती गप्प झाली.
पदरानं चष्मा पुसला, बराच वेळ.

डबा उघडला. आतल्या जेलीखाली, भिंगातून,
एका पायाभोवती केसाएवढी भेग.
तापली की फाकते, निवली की मिटते.
डाग देऊन भागलं असतं कदाचित.
खरं घाटात कदाचित चालत नाही.

बेळगावला दस्तगीरभाईच्या भंगारात दोन दिवस:
मागून ठोकलेली तीच गाडी, तोच डबा,
नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच.
हौद्री, अदे नंबर, तो म्हणाला.
भाव हिंदीत पाडला.
नोटा मोजताना मात्र आपापल्या भाषेत दोघं.

नव्या डब्याला तिची चावी कळेना.
दोन सेकंद चालायचा, मग थांबायचा: कोण तुम्ही?
म्हणून जुन्यातली आठ पायांची चिप,
तांदळाच्या कणीएवढी,
श्वास रोखून उचलली, नव्यात बसवली.
भेग इकडेच राहिली,
ओळख तेवढी तिकडं गेली.
बॅटरी जोडली. दहा मिनिटं नुसतं चालू दिलं,
हात न लावता. त्याला त्याची चाल सापडू दे.

दुसऱ्या दिवशी ऐन बाराला, मागे खाकीचे गठ्ठे,
ती चालवायला, मी शेजारी,
मांडीवर मीटर, उगाच.
पहिलं वळण. ट्रकमागे दुसरा गिअर.
दुसऱ्या वळणावर तिनं स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं
की बांगड्या वर सरकल्या.
काटा जिथल्या तिथं.

वर पोचल्यावर तिनं गाडी कडेला घेतली,
चावी फिरवली,
वही काढली आणि चुकून पुढून उघडली.
पाचवीच्या कुणा पोराच्या मापाखाली लिहिलं:
तवंदी. बारा वीस.
मी बंद केली.