ठोका

पहिल्या दिवशी अंगणात शिरलास तेच मुळी चुकलास, एलोफ.
पाच मैल पिटाळत आणलेली गाडी
खटकन चावी फिरवून बंद केलीस.
मी आतूनच ओरडले: टर्बो लाल आहे अजून,
मिनिटभर तरी श्वास घेऊ दे त्याला!
मग तू बूट न झाडता आत आलास
आणि बूडेनचा अर्धा बर्फ माझ्या शेडात सांडलास.

वय एकोणीस, लाकडाच्या गिरणीतला पगार,
आणि ही वोल्वो, तुझ्याहून मोठी, ट्रंकेसारखी चौकोनी.
एकशे पासष्ट घोड्यांचे तुला अडीचशे हवे होते.
देऊ म्हटलं.
पण घोडे वाढवायचे तर आधी तबेला बघतात.

चारही सिलिंडरांचा दाब मोजला.
तीन सारखे. चौथा जरा कमी,
आजारी नाही, नुसता म्हातारा.
प्लग खिडकीशी धरले: बदामी. बरं चाललं होतं.

टर्बो म्हणजे उष्ट्यावर वाढलेलं पोर.
तू फेकलेल्या धुरावर गरगरतो
आणि आत हवा कोंबतो.
कोंबायला काय, एक स्क्रू पिळला की झालं.
पण हवेच्या मागोमाग पेट्रोल पोचलं नाही
तर आग उपाशी राहते,
आणि उपाशी आग पिस्टन खाते.
फळीवर बशीत ठेवलाय बघ एक,
कडेला उंदरानं कुरतडल्यासारखा.
माझाच आहे. अठ्ठ्याऐंशी सालचा. घाईही माझीच.

म्हणून आधी मोठा इंटरकूलर,
मोठे इंजेक्टर, नवा पंप.
तेल दर पाच हजारांना, यावर वाद नको.
दाब चिमटीचिमटीनं.
आणि उणे अठ्ठावीसच्या या हवेवर भाळू नकोस,
ती दाट असते, मोजल्यापेक्षा जास्त आत शिरते.
जुलैत ये, तेव्हा सगळं गणित पुन्हा.

मग तो माझा देशी दवाखाना तुला दाखवला:
तांब्याची नळी, एक टोक ठेचून ब्लॉकला बोल्टनं आवळलेलं,
दुसऱ्या टोकाला रबरी पाइप,
पाइपला शिकाऱ्यांचे हेडफोन.
तीस वर्षं मी ते कानांवर चढवून शेजारी बसते.
वेळेआधी भडका उडाला की आत ठोका पडतो,
पत्र्याच्या डब्यात वाटाणा पडावा तसा.
तो आला की पाय वर.

लुलेओच्या रस्त्यावर, चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये
मी म्हणाले, साफ आहे, अजून वाढवू.
परत येऊन प्लग काढले
तर पांढऱ्या चिनीमातीवर काळे ठिपके,
मिरपूड शिंपडल्यासारखे.

ठोका पडला होता.
मला ऐकू आला नव्हता.

तुला काही बोलले नाही. सोमवारी ये म्हटलं.
रात्री खूप वेळ दिवा न लावता बसले.
गेल्या उन्हाळ्यात मी सगळ्यांना सांगत फिरत होते,
यंदा गवतात नाकतोडे नाहीत म्हणून.
नाकतोडे होते.

सोमवारी हेडफोन तुझ्या कानांवर घातले.
"मी चालवते. तू ऐक."
तोच चढ, तोच गिअर.
काटा चढत गेला आणि तुझा हात वर झाला.
मी पाय काढला.
"वाटाणा?"
"नाही, गुनवोर," तू म्हणालास,
"गिरणीत ओला ओंडका फाटायच्या आधी
एक बारीक टिक् होते ना, तशी."
तीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

ठिणगी दोन अंश मागे घेतली. दाब एक चिमूट खाली.
पुन्हा तो चढ. तुझा हात मांडीवरच.

भरले दोनशे अकरा.
तू हिशोब करून बघितलास, एकदा नाक मुरडलंस,
मग बशीतला पिस्टन उचलून
त्याच्या कुरतडलेल्या कडेवरून अंगठा फिरवलास
आणि जाग्यावर ठेवलास.

काल आलास तेव्हा मी खिडकीत होते.
गाडी थांबली. चावीला तू हात लावला नाहीस.
आत बसून राहिलास,
काचेवर तुझी वाफ धरेपर्यंत.
इंजिन संथ चाललं होतं बहुतेक.
बॉनेट थरथरताना दिसत होतं.