लोडवर

बिभीषण खरात गाडीतून उतरला
तेव्हा इंजिन तापून टिकटिकत होतं.
"उस्ताद, रिकामी असली की हरणासारखी पळते.
कास्टिंग भरलं की बोगद्याच्या चढावर
दुसऱ्या गिअरवर येते.
आरशात बघावं तर मागं सगळं काळं."

काळं, म्हणजे डिझेल पोचतंय,
हवा पोचत नाही.
ताट वाढलेलं आहे, घास उतरत नाही.

नऱ्ह्याच्या माझ्या शेडमध्ये
आधी बोट लागतं, मग पान्हा.
एअर फिल्टरमध्ये धूळ होती,
पण पुण्यात राहणाऱ्याच्या छातीत असते तेवढीच.
टर्बोचं चाक बोटानं फिरवलं, वर-खाली हलवलं:
केसभर खेळ.
माझ्या गुडघ्यात याहून जास्त आहे.
अ‍ॅक्चुएटरला हवा दिली, दांडी सरकली.
हवा सोडली, मुकाट जागेवर आली.

मग आमचं घरचं यंत्र:
स्टीलच्या डब्याचं झाकण, त्यात सायकल-ट्यूबचा वॉल्व्ह.
पाइपच्या तोंडाला आवळून कॉम्प्रेसर लावला.
हर्षालीनं साबणाचं पाणी मारलं
एकेका क्लॅम्पवर, इंटरकूलरच्या कडेकडेनं,
देवाला शिंपडावं तसं नाही,
पोराचे कान धुवावेत तसं.
दोघं वाकून बघत राहिलो.
एक बुडबुडा येईल तर शपथ.

तेवढ्यात चाकणहून मालकाचा फोन.
"टर्बोच बदल रे. माल अडकलाय."
मी म्हटलं, दोन तास द्या.
कशाला, ते सांगितलं नाही.

माझ्या बिलबुकावर वजन म्हणून
एक टर्बो ठेवलेला असतो.
सासवडच्या शेडग्यांच्या गाडीचा.
गेल्या वर्षी मीच काढला, मीच म्हणालो: मेला.
बेचाळीस हजारांचा नवा बसवला
आणि गाडी चढावर तशीच धापा टाकत राहिली.
मॅनिफोल्डची गॅस्केट फुंकली होती.
तीनशे रुपयांची.
ती मी गुपचूप बदलली
आणि बेचाळीस हजार मोजून घेतले.

तर, गेजची नळी खिडकीतून केबिनमध्ये घेतली.
माल भरलेलाच होता.
बिभीषण स्टिअरिंगवर, गेज हर्षालीच्या मांडीवर,
मी दाराशी.
नवले पूल मागं टाकून चढाला लागलो.
"पाय तळाला ठेवा," ती म्हणाली.
"बारा. सोळा. एकोणीस."
आणि मग, "अकरा!"
"ऐकलंत? फुस्स झालं."
माझा डावा कान अकरा वर्षांपूर्वीच गेलाय.
मी मान हलवली, ऐकल्यासारखी.

बोगद्याच्या अलीकडे बाजूला घेतली. केबिन उचलली.
सगळं होतं तसंच, जागच्या जागी, निरागस.
हर्षालीनं हात आत घातला.
"इंजिन जोर लावतं तेव्हा कुशीवर वळतं ना?"
आणि तिनं रबरी नळी तशी, त्या बाजूला ओढली.
खालून, क्लॅम्पच्या लगत,
नखाएवढी फट उघडली, ओठासारखी.
सोडली की मिटली.
भोवती तेलकट धुळीचा एक ओला डाग.

शेडमध्ये उभी असताना
ही नळी कधीच बोलली नसती.

बिल: नळी साडेसहाशे, क्लॅम्प दोन,
मजुरी, आणि हर्षालीचे वेगळे पाचशे.
बिभीषणनं न मोजता दिले
आणि अंधार पडायच्या आत चढ चढून गेला.
या वेळी ती शिट्टी मलासुद्धा ऐकू आली,
उजव्या कानानं,
लांबत लांबत, कुठंही न तुटता.

आता शेड बंद करतोय.
बिलबुक उचलायला टर्बो हातात घेतला.
तोंडाजवळ नेऊन नुसती फुंकर मारली.
चाक फिरलं.
बराच वेळ फिरत राहिलं.

शेडग्यांचा नंबर आहे माझ्याकडे.