हंबरणं सोडून

पोरगी म्हणते, ब्लेडचं चित्र दिसतंय ना, ते उचला.
उचलतो.
एकोणचाळीस वर्षं सुरी धरलेला हात माझा
आणि हा उंदीर टेबलावरून तीनदा निसटतो.

यामिला एकोणीसची असेल.
लायब्ररीत दर बुधवारी आम्हा सहा जणांना शिकवते.
दोन निवृत्त मास्तरणी, एक मधमाश्यावाला,
चर्चात ऑर्गन वाजवणारा एक,
एक बाई, जिला नातवाच्या वाढदिवसावर फक्त फुगे उडवायचेत,
आणि मी, वॉशिंग्टन इरिगोयेन, खाटीक.
(नावाचं बापाला विचारा. धाकट्याचं लिंकन ठेवलं होतं.)

आधी सगळं आत आणायचं, ती सांगते,
मग एका ओळीत लावायचं, डावीकडून उजवीकडे.
हिला टाइमलाइन म्हणतात.
मास्तरणी वहीत लिहून घेतात.
मला कुणी समजावू नये.
कारखान्यात छताच्या रुळावरून आकड्याला लटकून
धडं अशीच चालत यायची,
आपण जागेवर उभं राहायचं
आणि आपल्यापुरता एकच काप द्यायचा.

माणूस श्वास घेतो तिथं कापा, ती म्हणते.
सांधा, मी म्हणतो.
काय?
सांध्यावर कापायचं. हाडाला लागली तर सुरी नडत नाही, खाटीक नडतो.
ती हसते. पुढच्या बुधवारी
फळ्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं असतं: सांधा.

पण मग तिनं दोन कळा एकदम दाबल्या
आणि कापलेलं जुळलं.
शिवण नाही, डाग नाही.
जणू मी काही केलंच नव्हतं.
मी उठलो. बाहेर जाऊन नदीकडे बघत थांबलो
येर्बा निवेपर्यंत.
परत आलो तर म्हणाली, घाबरू नका,
मूळ फाईलला आपण हातच लावत नाही,
ती जिथल्या तिथं असते, अख्खी.

एकोणचाळीस वर्षांत
हे वाक्य मला कुणी बोललं नव्हतं.

माझं चित्रण एकच. सत्तेचाळीस मिनिटं,
रुबेन ताबारेसच्या परसात, फोन विटेला टेकवून.
रुबेन बॉयलरवर होता. त्याला विचारलं,
कारखाना बंद झाला त्या दिवशी तू डब्यात काय आणलं होतंस?
तो आठवत बसतो.
बसतोच.

आवाजाची रेघ सपाट दिसली की उडवा, असा धडा होता.
उडवली. जिथं जिथं सपाट, तिथं तिथं.
सत्तेचाळीसची चार मिनिटं झाली. चरबी सगळी साफ.
लावून बघतो तर रेडिओवरचा कुणी निवेदक बोलतोय,
चटचट, हुशार,
रुबेनचा शर्ट घालून.

रुबेन उत्तराआधी नळीनं एक लांब घोट ओढतो,
मग कुत्र्याला हाक मारतो, मग विसरतो,
मग म्हणतो, उकडलेलं अंडं.
ते अंडं एवढ्या लांबून यायला हवं.

दाबल्या दोन कळा. दाबत राहिलो.
तुकड्यामागून तुकडा परत येऊन अंगाला लागला.

आणि त्या सपाट रेघेत एका जागी
बारीकसा उंचवटा दिसला.
हेडफोन घट्ट धरला.
शेजारच्या कुंपणापलीकडे गाय. एकदाच. लांबून.

आम्ही पाहुण्यांना तोऱ्यात सांगायचो,
इथं जनावराचं काही वाया जात नाही,
शिंग, खूर, रक्त, केस,
हंबरणं सोडून सगळं डब्यात भरतो.
पाहुणे हसायचे. आम्हीही.

यामिला खांद्यावरून वाकून बघते.
डॉन वॉशिंग्टन, इथं अकरा सेकंद रिकामी राहिलीत,
आणि मागं काहीतरी आवाज येतोय,
तो काढायचा फिल्टर आहे, दाखवू?

नको, म्हटलं.
वाढवायचा कुठून, ते दाखव.