एकशे बाराव्या पानापर्यंत

सोहारच्या कॅम्पात, बत्तीस नंबरच्या खोलीत
एक पुस्तक माझ्या आधीपासून राहतं.
कुणी सोडलं, ठाऊक नाही. पाठीवर सिमेंटचा डाग,
आणि एकशे बाराव्या पानानंतर
नुसती शिवण.

एबेनेझर कॉलिस. बेंडिगोचा गवंडी, डावखुरा.
अठराशे ऐंशीच्या सुमारास
हातातली छिन्नी ठेवून बोटीत बसला,
विलायतेत खेळायला, बिनपगारी रजेवर.
बाकी शब्दांना डिक्शनरी लागली.
बिनपगारी तेवढा लगेच कळला.

रात्री एक पान. खालच्या बंकवरून
श्रीवर्धनचा दस्तगीर मुकादम विचारतो,
आज किती विकेटी?
मी सांगतो: आज पाऊस.
आज बोटीवर उलट्या.
आज बायकोचं पत्र, दोन महिने शिळं.

चौऱ्याण्णव पानावर फोटो आहे. दाढी, रुंद पट्टा,
चेंडू धरलेल्या बोटाचं नख काळं,
हातोडा चुकल्यावर होतं तसं.
माझं बोट शेजारी धरून पाहिलं.

शुक्रवारी, ऊन चढायच्या आत,
ट्रेलरच्या पार्किंगमागे आमची मॅच.
काँक्रीटच्या पट्टीवर काथ्याची चटई ओढतो,
कडांना दगड.
कॉलिसच्या गावीही पीचवर चटईच होती.
तो काथ्या कुठल्या खाडीत कुजला,
कुणी बडवला,
हे पुस्तकात नाही.

शेवटचं वाक्य असं:
खांदा दुखत होता, अकरा धावा राखायच्या होत्या,
कप्तानानं चेंडू पुन्हा त्याच्याच हातात दिला, आणि कॉलिस

दस्तगीर म्हणतो, जिंकून दिलं असणार.
अशोकन म्हणतो, खांदा गेला, परत दगडांकडे.
अर्ध्या रियालची पैज लागली.
पेरेरानं मोबाइल काढला, शोधू का?
आम्ही तिघं एकदमच ओरडलो, नको.

मार्चमध्ये दस्तगीरचा करार संपला. फायनल एक्झिट.
तीस किलोच्या बॅगेत
मुलीची शिलाई मशीन सुटी करून भरली,
वर टँगचे डबे.
पुस्तक घे म्हटलं, तर म्हणाला,
राहू दे, खोलीचं आहे.
अर्धा रियाल उशीखाली ठेवून गेला.

मी टीमचा स्कोअरर. त्या रात्री
वहीच्या मागच्या पानावर एक ओव्हर आखली.
गोलंदाज: कॉलिस.
तेव्हा ओव्हर चारच चेंडूंची, पान चाळीसला लिहिलंय.
तीन टिंबं दिली.
चौथ्या चौकटीवर पेन टेकवलं,
उचललं.