गडी एक, मुकादम नऊ

धैदच्या चौकाअलीकडे, जिथे दोन रस्ते
एकमेकांना ओलांडण्याआधी जरा घुटमळतात,
एक खांब आहे.
गाडी मी हळू केली, कारण अण्णांनी काचेवर बोट टेकलं :
"थांब गो, मोजू दे."

पंचावन्न. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा पंचावन्न, पण बाण उलटा.
आकड्यांभोवती पंख पसरलेला ससाणा,
खाली उंटाचा त्रिकोण, त्याखाली ट्रकांनी इकडून,
सहाशे अकराला तिकडून,
आणि तळाशी केव्हाच संपलेल्या कामाचा
एक पिवळा वळसा, वाळूने अर्धा खाल्लेला.
बाकीच्या दोन पाट्या उन्हाने कोऱ्या केल्यात.
"नऊ," अण्णा म्हणाले. "गडी एक, मुकादम नऊ."

मागचा ट्रक भोंगा दाबत निघून गेला.

दोन महिन्यांच्या व्हिसावर आलेत.
त्यावर छापलंय भिकाजी सखाराम घवाळी,
व्यवसायाच्या रकान्यात आडवी रेघ.
एकतीस वर्षं बांधकाम खात्यात
मैलाचे दगड रंगवले या माणसाने.
आधी चुना, मग माथ्याला पिवळा,
मग काळ्याने एक गाव, एक आकडा.
दगडाला एकच म्हणणं असतं, म्हणतात,
आणि तेसुद्धा तो जवळ आल्याशिवाय सांगत नाही.

समुद्र नको, मॉल नको. उंच इमारतीखाली
मान दुखते. म्हणून माझ्याबरोबर
दवाखान्यात येतात, शारजा ते धैद,
माझ्या लॅबच्या जुन्या रजिस्टरात,
रक्तगटांच्या मागच्या कोऱ्या पानांवर,
बॉलपेनने खांब काढत.
अरबी अक्षरं डावीकडून काढतात
आणि तरी ती शेवटी जुळतात.

औषधांच्या खिडकीतल्या इख्लासने एकदा वही उलटीसुलटी केली,
मोठ्याने वाचलं, "मसाफी."
मग हसून म्हणाली, एक टिंब राहिलंय, चाचा.

त्या संध्याकाळी परत येताना
अण्णा एकही पाटी बोलले नाहीत.
खजुराच्या बागा गेल्या, पेट्रोल पंप गेला,
डाव्या हाताला वाळू तांबडी होत गेली.
मग म्हणाले, वाडेखोल तीन होतं.
मी सहा काढलं.
अंधार पडत आलेला, काळा रंग डब्याच्या बुडाशी,
तीनाचं पोट ब्रशने उलट्या बाजूला गेलं
आणि सकाळी बघतो तर दगड छान दिसत होता.

"मग?"
"मग काय. एक कासार आला, लग्नघरी चुडा भरायला,
डोक्यावर बांगड्यांची माळ घेऊन दिवसभर चाललेला.
दगडावर बसला, सहा वाचले, आणि माघारी गेला.
वाडेखोल तिथून दिसत होतं गो,
झाडांमागे धूर होता.
पण लिहिलेलं ते लिहिलेलं."

नवरी कोणाची, अण्णांना ठाऊक नाही.
रजेवरून आले तेव्हा कुणी तरी सांगितलं.
दुरुस्त का नाही केलं, मी विचारलं नाही.
पुढे सहाशे अकरा आला, मग तीनशे अकरा,
एकावर एक निळे, हिरवे, तपकिरी,
मी लेन बदलली, चुकीची,
आणि विमानतळाच्या फाट्याला लागलो
पंधरा दिवस आधीच.
अण्णा हसले. त्या दिवसात पहिल्यांदा.

ते गेल्यावर मी एकटीच जाते.
परवा चौकाअलीकडे पाहिलं, खांबावर नवी पाटी,
चकचकीत, प्लास्टिकचं कातडं अजून न सोललेली.
मी निरोप टाकला : दहा.

उत्तर रात्री आलं. फोटो.
चौपदरी रस्ता, दुभाजकात लावलेली कण्हेर, उन्हात चमकणारा डांबर,
एका कडेला अण्णांची चप्पल.
खाली लिहिलंय :
दगड गेला. इथंच होता.
आता पुसायला पण काही राहिलं नाही.

मी फोटो मोठा करून बघत बसले.
धूर दिसतो का, झाडांमागे.